राहून गेलेलं नाटक

आप्पा, काल लातुरात नातीचं नाटक पाहून आले. मऊ खुर्च्या, थंड हवा, आणि शेवटच्या रांगेतसुद्धा पोरीचा शब्द न् शब्द स्पष्ट. पडदा पडला तरी मला उठवेना. तुम्ही आणि मी नांदेडभर नाटकासाठी जागा धुंडाळत फिरलो होतो, तेच डोळ्यांपुढं येत होतं.

निजामाचं राज्य, म्हणून तुमच्या शाळेला शुक्रवारची सुट्टी. जेवण झालं की तुम्ही मला घेऊन निघायचात. मोंढ्यातल्या धान्याच्या शेडमध्ये तुम्ही एका टोकाला उभे, मी दुसऱ्या. तुम्ही संवाद म्हणता आणि विचारता, "आलं का ऐकू?" मी ओरडते, "न्हाई आप्पा, नुसताच घुमतोय!" जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजी आवाज पिऊन टाकतात. फिरत्या सिनेमाच्या तंबूचा मालक म्हणतो, "मास्तर, जागा देतो, पण आधी सरकारची इजाजत आणा." शेवटी गोदावरीच्या घाटावरच्या देवळाचा सभामंडप तुम्हाला पसंत पडला. सावित्रीचं काम मी करायचं होतं. तेव्हा बायकांची कामंही पुरुषच करायचे. "पोरीला उद्या कोण करून घेईल?" आई म्हणाली. तुम्ही नुसते हसलात.

इजाजतीसाठी तुम्ही कचेरीत दोनदा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. "पुराणातली गोष्ट आहे, तिला कोण अडवतंय?" म्हणालात आणि दिवस ठरवून टाकलात. दुपारी मंडप गच्च भरला. मी आईचं लुगडं नेसून खांबाआड उभी. इतक्यात पोलिसांचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन पायऱ्या चढून आले.

"मास्टर, इजाजतनामा किधर है?"

"दोनदा अर्ज दिलाय, साहेब."

"अर्जी नक्को. इजाजत दिखाओ."

त्यांनी तुम्हाला नेलं. जाताना तुम्ही मागं वळून म्हणालात, "रडू नको गं, पुन्हा करू."

आठ दिवसांनी सुटून आलात, पण नोकरी गेली होती. आपण लातूरला मामाकडं आलो आणि तुम्ही त्याच्या दुकानात बसू लागलात. नाटकाचा विषय पुन्हा कधी घरात निघाला नाही. निजामाचं राज्य गेलं तेव्हा गावानं पताका लावल्या, ते पाहायला तुम्ही नव्हता. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणालात, "माझ्यामुळं तुझं नाटक राहिलं. थोडं थांबायला पाहिजे होतं मी." मी पदरानं डोळे पुसले.

हे कुठं पाठवायचं असतं तर लिहायची छाती झाली नसती. त्या दुपारी खांबाआड मला एकही वाक्य आठवत नव्हतं. काय वाट्टेल ते होऊ दे, पण हे नाटक होऊ देऊ नको, असं मी देवाला विनवत होते. अमीनसाहेब दिसले तेव्हा मला हायसं वाटलं, आप्पा. रडू आलं ते नंतर.