चिरंजीवांची ग्रहणपूर्व कवायत

मैलापूर, चेन्नई

ती. सासूबाईंना कुमुदिनीचा वाकून नमस्कार. सांगलीच्या थंडीत तुमचे गुडघे कुरकुरत असतील. इथे थंडी नाही, त्यामुळे आमच्याकडे कुरकुरायला फक्त तुमचे चिरंजीव आहेत.

पुढच्या गुरुवारी सूर्यग्रहण. ऐंशी सालच्या ग्रहणाला तुम्ही खिडक्यांना घोंगड्या लावून त्यांना कोंडलंत, ते दुःख मी लग्नापासून ऐकते आहे (आता मलाही त्या घोंगड्यांचा वास येतो). या खेपेला ते ग्रहण बघणारच आहेत. पण कारखान्यातला सुरक्षा अधिकारी नुसता बघेल कसा? रोज सकाळी गच्चीवर शिट्टी वाजते आणि अख्खी बिल्डिंग कवायत करते: खाली बघा, चष्मा घाला, वर बघा, खाली बघा, चष्मा काढा. (राहू-केतूंनाही बहुधा गेटपास लागेल.) शेजारच्या विशालाक्षीमामी सूर्य बघायला आपल्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आल्या. ह्यांनी तो जप्त केला आणि डोळे जातील म्हणून इंग्रजीत व्याख्यान दिलं. मामींनी तमिळमध्ये उत्तर दिलं. दोघांचंही समाधान झालं. मामी ग्रहणात ताटातल्या पाण्यात मुसळ उभं करतात. ते ग्रहण सुटेपर्यंत पडत नाही म्हणे. ह्यांनी त्या जागेभोवतीही पिवळी पट्टी लावून ठेवली आहे, न जाणो कोणाच्या पायावर पडलं तर.

काल रंगीत तालीम झाली. चष्मा अस्सल आहे, म्हणजे त्यातून सूर्याखेरीज काहीही दिसत नाही. हे ह्यांनीच सगळ्यांना बजावलं आणि मग तो घालूनच सगळे जागेवर आहेत का ते बघायला निघाले. थेट मामींच्या वाळत घातलेल्या सांडगी मिरच्यांत जाऊन बसले. "अय्यय्यो, अशोक सार!" मामी ओरडल्या (मिरच्यांसाठी). ह्यांनी बसल्या जागी शिट्टी वाजवली आणि तालीम यशस्वी झाल्याचं जाहीर केलं.

बाकी सगळं ठीक. औषध वेळेवर घ्या.

तुमची सून,
कुमुदिनी

ता. क. खरं काम पुढेच आहे. दर ग्रहणाला वेध लागायची वाट न बघता तुमचा फोन येतो, "अशोक, आत जा," आणि पन्नाशीला टेकलेले सुरक्षा अधिकारी "हो आई" म्हणून आत जाऊन पडदे ओढतात. आजवर त्यांनी एकही ग्रहण पाहिलेलं नाही. गुरुवारी तेवढा फोन करू नका. त्यांचं हिरमुसलेलं तोंड मला आता बघवत नाही.

ता. क. २ सोबतचा चष्मा तुमच्यासाठी आहे. ह्यांनीच पाकिटात घालून वर तुमचं नाव लिहिलं आणि मग "आई रागावेल" म्हणून कपाटात दडवून ठेवला. मी गुपचूप पाठवते आहे. फोन केल्याशिवाय राहवणारच नसेल, तर हा डोळ्यांवर चढवा आणि अंगणातून करा.