बैलाची शिंगं आणि टरबुजाची फोड

१५ ऑगस्ट, शुक्र.
झेंडावंदन झालं, पटांगणाकडच्या भिंतीवरची ताडपत्री काढली. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी आणि रफिकभाई पेंटर या भिंतीपुढे भाजून निघालो. चित्र साधंच, आपला आठवडी बाजार. पण त्यात सतरा सण लपवलेत, पोरांनी शोधायचे. म्हातारीच्या लुगड्याच्या निऱ्यांत पणत्या. कापसाच्या बोंडात नाताळची चांदणी. बंडीच्या चाकात धम्मचक्र. टोपलीत बंजारा तांड्यावरच्या तीजेचे गव्हाचे कोंब. पोरं तुटून पडली. सातवीतल्या आरतीला तासाभरात नऊ सापडले. टरबुजाच्या फोडीतला ईदचा चंद्र मात्र कुणालाच नाही. लय मजा आली.

१६ ऑगस्ट, शनि.
मजा संपली. पोरांच्या खेळात मोठे शिरले की मातेरं ठरलेलं. आज पालक मोजायला आले. ‘आपले’ किती, ‘त्यायचे’ किती. एकाने तर सव्वीस शोधले. लपवले सतरा, सापडले सव्वीस! त्याला जिलबीतही काहीतरी दिसलं. दिसू दे बाप्पा.

मग शाळा समितीचे बबनराव. कोपऱ्यात पोळ्याचा सजवलेला बैल आहे, रफिकभाईंच्या हातचा, चित्रातलं सगळ्यात देखणं जनावर. त्याच्यापुढे उभे राहून म्हणाले, “मॅडम, बैल आमचा अन् डोक्यावर चांद-तारा त्यायचा? हे काय चालून राह्यलं?”

चांद म्हणजे शिंगं. तारा म्हणजे कपाळावरचा आरसा. आम्ही तिथे काहीच लपवलेलं नाही. बबनरावांच्या गोठ्यात दोन जोड्या आहेत, या माणसाने समोरून कधी बैल बघितला नाही?

१८ ऑगस्ट, सोम.
मु.अ. सरांनी बोलावलं. खुर्चीत अवघडून बसलेले. शेवटी म्हणाले, “लपवासारखं नव्हतं तं लपवलं कायले, असं लोक विचारून राह्यले.” डोकं भणाणलं. अहो, लपाछपी आहे ती!

दोन मार्ग म्हणे. एक, सतराही सणांची यादी, कुठे काय ते लिहून, पुढच्या सोमवारी समितीपुढे ठेवायची. नाहीतर बैलाची शिंगं सरळ करायची. सरळ! बैल आहे की काळवीट?

यादी दिली तर कळेल की बैलात काही नाही, चंद्र टरबुजात आहे. बैल वाचेल आणि त्याच दिवशी टरबुजावर चुन्याचा कुंचला फिरेल. नाही दिली तर शिंगं जातील. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेल्या.

रफिकभाईंना अजून सांगितलं नाही. धीर होत नाही.

२० ऑगस्ट, बुध.
स्टाफरूममध्ये सगळ्यांना माझंच पटतं, कानात सांगण्यापुरतं. मीटिंगमध्ये एकेकाची वाचा बसते. घरी हे म्हणाले, देऊन टाक यादी, एका फोडीसाठी नोकरीला घोर कशाला. मी जेवण तसंच टाकून उठले. भांडी आपटली, त्याने काही होत नाही हे माहीत असून.

२२ ऑगस्ट, शुक्र. पोळा
सकाळीच रफिकभाईंच्या दुकानी गेले, आज सांगायचंच म्हणून. दारात बैलांची रांग. दरवर्षी असते, त्यांच्या वडिलांपासून. अर्ध्या गावाच्या बैलांची शिंगं याच घरात रंगतात, रफिकभाईंचा हात लागल्याशिवाय लोकांना पोळा झाल्यासारखं वाटत नाही.

आणि रांगेत पहिली जोडी बबनरावांची! स्वतः खुर्ची टाकून बसलेले, हातात रफिकभाईंच्याच घरचा चहा. औंदा लाल जरा जास्त लाव म्हणून सांगत होते. मला बघून नमस्कारही केला. घरी भांडी आपटते ती मी, तिथे ओढणी सावरत उभी.

जोडी गेल्यावर रफिकभाई ब्रश पुसत म्हणाले, “बबनरावनं सांगतलं मले सकाळीच. भितीवरचे शिंगं सरळ करून दे म्हणे. मी हो म्हटलं. पन मॅडम, हे जे उभे हायेत दारात, यायचे कसे सरळ करू?”

चहा घेऊन परत आले.

२३ ऑगस्ट, शनि.
पहाटे पोरं पळसाच्या डहाळ्या घेऊन, गावची इडापिडा वेशीबाहेर टाकायला, गल्लीतून ओरडत गेली, रोगराई घेऊन जा गे मारबत. मनात आलं, यांच्याबरोबर पाठवावी अशी माणसंच किती निघतील. यादीत पहिलं नाव समितीवरचं टाकलं असतं. दुसरं माझं.

दुपारी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन नटलेली पोरं भिंतीपुढे फोटो काढत होती. बबनरावांचा नातूही. बरोब्बर त्याच बैलापाशी उभा केला होता त्याला.

२४ ऑगस्ट, रवि.
रफिकभाई घरी आले. उद्या दहाला येऊन शिंगं सरळ करून देतो, तुम्ही यादी देऊ नका म्हणाले. मी चिडलेच. यादी दिली की तुमचा बैल वाचतो, चंद्र टरबुजात आहे हे त्यांना कळू दे, असं म्हटलं.

“माईत हाय मले. फोड मीच भरली नं,” म्हणाले. “म्हनून तं सांगून राह्यलो. पोरायले सापडला नाई थो अजून. सापडू द्या.”

रडू आलं, त्याहून जास्त राग. बबनरावांचा आहेच, पण रफिकभाईंचाही. दरवेळी यांनीच का समजून घ्यायचं? आणि ते म्हणाले तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, तो राग सगळ्यात मोठा. कुठे ठेवू कळत नाही.

यादी लिहून पर्समध्ये ठेवली आहे. देणार का, माहीत नाही. दहाला माझा सातवीवर तास. खिडकीतून भिंत समोरच दिसते. रफिकभाई शिडी लावतील, आणि आरती हात वर करून विचारेल, मॅडम, काका काय करून राह्यले?