चौथ्या पानावरची शेवटची ओळ

प्रिय मनू,

रविवारी तू रागाने फोन ठेवलास. तीन महिने बाबा फोनवर येत नाहीत, म्हणजे तू पोर्तुगालला गेल्याचा राग त्यांनी अजून धरून ठेवलाय, असं तुझं म्हणणं. राग नाही गं. त्यांना अर्धांगाचा झटका आलाय, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. उजवं अंग गेलं आणि वाचाही. ते स्टँडवर गेलेत, झोपलेत, घसा बसलाय, हे जे मी सांगत आले ते सगळं खोटं. फोन हातात आला की मला आता खोटंच सुचतं, म्हणून हे कागदावर लिहून फोटो काढून पाठवतेय. बसून वाच.

लपवलं ते त्यांच्याच हुकमाने. तुला खेड स्टेशनवर गाडीत बसवून परत येताना रिक्षात म्हणाले होते, “आपला काय बरावाईट झाला तरी कार्ड हातात पडल्याशिवाय पोरीला कळवायचा नाय.” तिथलं रहिवासी कार्ड मिळण्याआधी देश सोडला तर परत घेतील याची खात्री नाही, हे तूच त्यांना समजावलं होतंस. तेव्हा मी आपली हुकमाची ताबेदार. डॉक्टर म्हणतात, आत्ता बरे आहेत, पण दुसरा झटका आला तर अवघड आहे. तेही तुला सांगून टाकते.

तुझं जाणं त्यांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं, पण शिकवणी मात्र त्यांनी एक दिवस चुकवली नाही. तिथल्या वृद्धाश्रमातल्या तुझ्या कामाला लागणारे शब्द क्लासवाल्यांनी इंग्रजीत दिले होते. तू वहीत डावीकडे इंग्रजी लिहायचीस आणि उजवीकडे पोर्तुगीज, आपल्या मराठी अक्षरात. बाबा पडवीतल्या खाटेवर पेशंट होऊन पडायचे. इंग्रजी ते वाचणार, पोर्तुगीज तू सांगणार, आणि तुझं बरोबर आलं तरच ते कूस बदलणार. चुकलीस की ढिम्म. तीस वर्षं एसटी स्टँडवर गाड्या पुकारलेला माणूस, त्यांना उच्चार चुकलेला खपत नसे. मी आतून ओरडायची, हे सोंग पुरे करा, चहा निवतोय. तेव्हा मला त्या वहीचा वैताग होता.

आता मराठीत कोणी काही सांगितलं की यांचं तोंड भिंतीकडे. पेजेचा चमचा पुढे केला की दात घट्ट. व्यायाम करून घ्यायला खेडहून योगिनी येते, तिलाही दाद देईनात. यांना समजतच नसेल, असं तिला वाटायला लागलं होतं. मग गेल्या महिन्यात चादर शोधताना कपाटात तुझी वही सापडली. इंग्रजी मला कुठलं येतंय, पण उजवीकडचं तुझं अक्षर वाचता येत होतं. पेज भरवायला बसले होते, यांची आठ्या घातलेली मुद्रा बघून कंटाळले आणि मोठ्याने वाचलं, “आब्रा आ बोका.” यांनी तोंड उघडलं. चमचा हातात होताच, तो आत सारला.

तेव्हापासून घर वहीवर चाललंय. अर्थ मला ठाऊक नसतो. मी वाचते, ते करून दाखवतात, मग मला कळतं. “लेवांत उ ब्रासु” म्हटलं की डावा हात वर. खरा पेशंट व्हायची त्यांची तयारी नाही, सोंगातला चालतो. योगिनीनेही चार वाक्यं पाठ केलीत. तिचा उच्चार चुकला की हे पूर्वीसारखेच ढिम्म पडून राहतात, आणि आम्ही दोघी हसतो.

चौथं पान मागच्या आठवड्यात काढलं. त्यातली शेवटची ओळ, “केर क शाम आ सुआ फील्या.” ती वाचल्यावर त्यांनी हात उचलला नाही की कूस बदलली नाही. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मान खाली-वर हलवत राहिले. काही दुखतंय असं वाटून मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा ती ओळ मुद्दाम गाळली, तर बोटाने पानावर टकटक केलं, वाच म्हणून. असे सहा दिवस गेले. काल योगिनीला त्या ओळीसमोरचं इंग्रजी वाचायला लावलं. तिने मराठीत सांगितलं, “तुमच्या मुलीला बोलावू का?” मला रडू आलं, तिच्यासमोरच. कार्डाचं काय करायचं ते तू ठरव. मी ये म्हणत नाही आणि नको येऊ असंही म्हणत नाही. कळवायचं नाही हा हुकूम त्यांचा होता. पण तुझ्याच वहीतला प्रश्न मी नकळत त्यांना सहा दिवस विचारला, आणि सहाही दिवस त्यांनी हो म्हटलं.

तुझीच,
आई