आमचीबी साक्ष

धारणी, रविवार

प्रिय माय,

तुले प्रभूमधी सलाम. मी मजेत हाये, दवाखान्यातली ड्युटीबी आता जमली. तुह्या गुडघ्याचं कसं हाये?

आज चर्चमधी मी साक्ष द्याले उठली. माह्या आधी सगळ्यायनं एकच सांगतलं, प्रार्थना केली अन् देवानं बरं केलं. मी म्हनलं, "माहा भाऊ बिमार होता, आमी प्रबोधदादासाठी चाळीस दिवस उपास केले, तरी तो गेला. काहून, हे मी देवाले रोज विचारून राहिली. त्यानं उत्तर देल्लं नाई, मी विचारनं सोडलं नाई. जो देव नाईच, त्याच्याशी कोनी इतकं भांडते काय?"

मंग मांगच्या चटईवरून एक म्हातारी उठली. "माही नातबी अशीच गेली. दहा वर्सं झाले, मी इथं तोंड उघडलं नाई." तिच्यामांगं चौघं उठले. शेवटी पाळकसाहेब हळूच म्हनले, "माही बायकोबी." त्याच्यानंतर जे गीत झालं, माय, छतावरचे टिनं हालले!

दादा गेल्यापासून तू चर्चले जात नाई. म्हनतं, "माह्यापाशी सांगाले काय हाये?"

येत्या रविवारी आपल्या बडनेऱ्याच्या चर्चमधी जाय. साक्ष द्याले सगळ्यायच्या पहिले तूच उठ.

तुही भांडखोर पोरगी,
एस्तेर