रुद्राणीच्या मानेवरची निळी पट्टी

३ एप्रिल २०१६, सकाळी ७
रुद्राणीची अर्धशिशी उठली. उजेड नको, आवाज नको. डोक्याला ओढणी आवळून आतल्या खोलीत पडली आहे. अहमदपूरच्या स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. हजारो गाड्या मार्गी लावल्या, आणि घरातलं एक डोकं मार्गी लागत नाही म्हणजे काय. आजपासून हा विषय माझ्या हातात. रोज नोंद ठेवणार.
चहा स्वतः केला. साखरेचा डबा सापडला नाही.

५ एप्रिल
नोंद एक दिवस राहिली. जिल्हा कृती समितीची बैठक होती.
आज नांदेडला नेलं. फिजिओथेरपिस्ट डॉ. शिवगंगा, आपल्या मुलीच्या वयाची. मान दाबून पाहिली, म्हणाली, मान दगडासारखी झाली आहे, दुखणं तिथून वर चढतंय. गोळ्या चालू ठेवायच्या, सोबत ताणणारी पट्टी लावून बघू, काहींना आराम पडतो. निळी कापडी पट्टी, रबरासारखी ताणते. बेचकीसारखी कापून मानेच्या दोन्ही बाजूंनी बसवली.
मग विचारलं, वजन किती उचलता? रुद्राणी म्हणाली, "टँकर आला की धा-बारा घागरी. नळाला पाणीच न्हाई तर काय करावं." डॉक्टर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. माझ्या चेहऱ्यावर अनुभव दिसतो, असं लोक म्हणतात.
परतीच्या बसमध्ये रुद्राणी लोह्यापासून गाढ झोपली. पट्टीत दम आहे.

६ एप्रिल
पट्टीसाठी सारखं नांदेडला जाणं जमणार नाही, समितीची कामं असतात. अहमदपूर जिल्हा व्हावा म्हणून आमची समिती आहे. शेषेराव अध्यक्ष, मी सरचिटणीस. शेजारचं चाकूर आपल्या जिल्ह्यात येणार. चाकूरवाल्यांना अजून विचारलेलं नाही.
डॉक्टरने पट्टीची गुंडाळी दिली आहे, ती मीच लावणार. डॉक्टरने लावताना नीट बघितलं आहे. मध्ये शेषेरावांचा फोन आला तेवढाच वेळ बाहेर होतो.

११ एप्रिल
माझ्या हातची पहिली पट्टी लावली. डॉक्टर म्हणाली होती, हलका ताण द्या. मी पूर्ण दिला. अर्धवट काम आपल्याला जमत नाही.
दहाला टँकर आला. रुद्राणीला मान खाली घालता येत नव्हती, त्यामुळे डोक्यावर घागर घेऊन लई रुबाबात चालत होती. मी ओट्यावरून लाइन लावून दिली, नंबर पुकारले. शेजारची केवळाबाई म्हणाली, "आप्पा, तुमची घागर कुठाय?" मी सांगितलं, अख्खी गल्ली सांभाळतोय, एका घागरीचं काय घेऊन बसलीस.

१२ एप्रिल
पट्टी सुटली. घाम आणि खोबरेल. उन्हाळ्यात पट्टीच कच्ची निघते.

१३ एप्रिल
मान लाल झाली. रुद्राणी म्हणाली, खाज सुटून राहिली. रक्ताभिसरण वाढल्याचं लक्षण आहे, असं समजावलं. ती उठून भाकरी थापायला गेली. पटलं असावं.

१४ एप्रिल
नवी पट्टी लावली आणि समितीला गेलो. संध्याकाळी पाहतो तर सकाळपेक्षा नीट बसलेली, टोकंसुद्धा गोल. ही पट्टी अंगाच्या उबेने आपोआप सेट होते. डॉक्टरने हे सांगितलं नव्हतं.

१७ एप्रिल
चार दिवस डोकं दुखलं नाही. परवाच्या टँकरलासुद्धा काही झालं नाही. याला 'अहमदपूर पद्धत' असं नाव दिलं. समितीत माहिती दिली. जिल्हा झाला की जिल्हा रुग्णालयात पट्टी विभाग मागायचा, असं ठरलं. शेषेरावांनी गुडघा पुढे केला. लावून दिली. येताना ते नीट चालत आले होते, जाताना लंगडत गेले. सुरुवातीला असं होतं.

१८ एप्रिल
रुद्राणीने स्वतःच डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणाली, पट्टीने नुसता आराम पडतो, डोक्यावरचं ओझं आधी थांबवा. मीही तेच म्हणणार होतो. संकल्प: उद्याच्या टँकरचं सगळं पाणी मी भरणार. सगळं.

१९ एप्रिल, रात्री ८
नऊला लातूरला जायची जीप आली. निवेदन द्यायचं होतं, सरचिटणीसच नसेल तर कसं चालेल. जिल्हाधिकारी साहेब नव्हते. आवक-जावकच्या टेबलावर दिलं, शिक्का मिळाला. तिथे जो तो पाण्याचंच बोलत होता. जिल्ह्याचं कुणी विचारलं नाही.
घरी आलो तर रुद्राणी आडवी. दोनदा उलटी झाली होती. पाण्याची भांडी सगळी भरलेली. खिडकीवर चादर बांधली. कपाळावर ओला रुमाल ठेवला, तो तिने ठेवू दिला. पायाशी बसून आहे. शेषेरावांचे तीन फोन आले, उचलले नाहीत.

२३ एप्रिल
टँकर दहाला. मी गेलो.
पहिली घागर खांद्यावर घेतली, दारापर्यंत येता येता निम्मी अंगावर सांडली. केवळाबाई म्हणाली, "आप्पा, चुंबळ घ्या, डोक्यावर घ्या." दुसरी डोक्यावर घेतली, पोचली. तिसरीही पोचली. चौथी उचलताना मानेत कट्ट असा आवाज झाला. आवाज टँकरच्या ड्रायव्हरलाही ऐकू गेला.
उरलेलं पाणी गल्लीतल्या बायांनी आणून दिलं. रुद्राणीला कुणी हात लावू दिला नाही. माझ्या एकूण घागरी अडीच. ती हे वर्षभर करून राहिली आहे.

२४ एप्रिल
मान वळत नाही. डाव्या बाजूने डोकंही ठणकतंय, उजेड टोचतो.
रुद्राणीने माझी मान पुसून कोरडी केली, पट्टी कापली, टोकं गोल केली, न ओढता अलगद बसवली. पाच मिनिटांत. कुठे शिकलीस, विचारलं. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी मलाच शिकवलं की. तुम्ही तवा फोनवर होता."
मग मी लावलेल्या पट्ट्या? ती म्हणाली, "खाज सुटल्यापासून, तुम्ही समितीला गेलात की काढत होते. केवळाबाईला कसं लावायचं ते दाखवलं, ती दुसरी लावून देत होती."
म्हणजे ते चार दिवस केवळाबाईचे. अहमदपूर पद्धत रद्द.
सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, "तुम्ही लई मन लावून लावत होता."

शेषेरावांना कळवलं, सत्तावीसच्या बैठकीला येत नाही, टँकर आहे. ते म्हणाले, बरं झालं फोन केलात, गुडघ्याचं बोलायचंच होतं. रुद्राणीला सांगितलं, घागर झेपत नाही, मी कळशीने भरीन. ती म्हणाली, "कळशीनं खेपा दुप्पट होतात."
हो. होतात.