लिलावाच्या शेडमधली शाळा

८ नोव्हेंबर

शाळेला छप्पर मिळालं. आपलं नव्हे — मासळीच्या लिलावाच्या शेडचं. वादळाने आमच्या चारही वर्गांचे पत्रे उडवून नेले आणि ही शेड मात्र जशीच्या तशी. लिलाव पहाटे पाच ते नऊ. दहा ते चार आम्ही.

लिलाव पुकारणाऱ्याला सगळं गाव भोंगा म्हणतं. आवाजच तसा. मी हेडबाई म्हणून रीतसर परवानगी मागायला गेले तर म्हणाला, "बाई, वास येईल. मग नाकं मुरडायची नाहीत." म्हटलं, वासाचं मी बघते, तुम्ही फरशी तेवढी धुऊन द्या. बघत राहिला. मग हसला.

ताईचा फोन, रोजच्यासारखाच. "बाबांना घेऊन इकडे ये. एवढं मोठं घर आहे. तिथे आता उरलंय काय?"

९ नोव्हेंबर

मुलं एकोणतीस. वादळाआधी त्रेसष्ट होती. फळा बर्फाच्या खोक्यांना टेकवलेला. पहिलीतली बोबडी हजेरी देताना म्हणाली, "हजल बाई, पण माझ्या चपलेत मासा आहे." होता खरंच. बोटाएवढा.

१२ नोव्हेंबर

शिक्षण कार्यालयाचं पत्र. पंचवीसला साहेब येऊन डोकी मोजणार. चाळीसपेक्षा कमी भरली तर शाळा बंद. मुलांना आतल्या गावच्या शाळेत पाठवायचं. बसने दीड तास. बोबडी दीड तास बसमध्ये बसणार?

बाबा घरावर ताडपत्री बांधत होते. खालूनच पत्र वाचून दाखवलं. दातांतली दोरी न सोडता म्हणाले, "मग आण चाळीस." जणू कोपऱ्यावरून पाव आणायचेत.

१५ नोव्हेंबर

चार दिवस शाळा सुटली की दारोदार. पायांचे तुकडे पडलेत. बहुतेक जण नातेवाइकांकडे गेलेले. शेजाऱ्यांकडून नंबर मिळवते, फोन करते, गळ घालते. बेकरीवाल्याची तिघं परत आली. सुताराने चार पुतण्यांना बोलावून घेतलं — कामाचा ढीग पडलाय, भाऊही येतोय म्हणे. एकूण छत्तीस.

१६ नोव्हेंबर

भोंगा आज आवरायला रेंगाळला. मी पाढे घेत होते, पोरं पेंगत होती. त्याला राहवेना. "सात सक किती? बोला, कोण बोलतंय?" मागून कुणीतरी, "चाळीस!" "चाळीस एक... कुणी वाढवतंय का?" "बेचाळीस!" "बेचाळीस एक, बेचाळीस दोन, बेचाळीस तीन — दिलं!" अर्ध्या तासात सातचा पाढा सगळ्यांना पाठ. बावीस वर्षं मी काय करत होते कोण जाणे.

१९ नोव्हेंबर

अडतीस. दोनसाठी जीव टांगणीला.

भोंग्याची जुळी नातवंडं चौथीत होती. आज विचारलंच. त्याने फरशीवर बादली ओतली, झाडू मारला. मग खाली बघून सांगितलं. वादळाच्या आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, घर सोडून आत जाऊ. हा त्याला भित्रा म्हणाला, चार लोकांसमोर. मुलगा बायकापोरांना घेऊन निघून गेला. हा इथे शेडवर होड्या बांधत राहिला. सकाळी घरी गेला तर पोरं निजायची ती खोलीच नव्हती.

"त्याने माझं ऐकलं असतं तर... आता कुठल्या तोंडाने जाऊ, बाई?"

"ज्या तोंडाने रोज ओरडता, त्याच."

जरा तोडूनच बोलले. दिवसभर लागून राहिलं.

२२ नोव्हेंबर

आज लिलाव दुसऱ्याच कुणी पुकारला. पहिल्या रांगेलाही ऐकू जाईना म्हणे. भोंगा सकाळच्या बसने गेलाय.

२४ नोव्हेंबर

दहाला पाच कमी असताना जुळी दारात. मागे मुलगा, सून आणि सगळ्यांत मागे भोंगा, हातात दोन दप्तरं. चाळीस!

मधल्या सुट्टीत विचारलं, काय बोललात त्याच्याशी? म्हणाला, "काहीच नाही. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. पोरगा घाबरला. पाणी आणलं, बसवलं. म्हणाला, राहू द्या बाबा, समजलं."

२५ नोव्हेंबर

साहेब नाकाला रुमाल लावूनच आत आले. दोनदा मोजलं. बोबडी त्यांना म्हणाली, "थोला वेल थांबा, मग वास येत नाही." रुमाल खिशात गेला. सही झाली. शाळा राहिली! पत्रे उन्हाळ्याच्या आत मिळतील असंही म्हणाले. बघू.

ताईला फोनवर सगळं सांगितलं, आवाज काढून काढून. खूप हसली. "तुमच्याकडे मजा आहे," म्हणाली आणि फोन ठेवला. आज 'इकडे ये' म्हणाली नाही.

२८ नोव्हेंबर

ताई आली. न कळवता. दोन्ही मुली, तीन बॅगा. भाऊजी नाहीत. बाबांनी विचारलं, "किती दिवस आहेस?" ती म्हणाली, "मुलींचे शाळा सोडल्याचे दाखले आणलेत."

वादळापासून रोज तिचा फोन यायचा. तू कशी आहेस, हे मी एकदाही विचारलं नाही.