दोघींनी ढकललं, सस्पेंड एकटी रिया

मंगळवार, संध्याकाळ. अल मजाज, आखात

रियाला आठवडाभर शाळेतून सस्पेंड केलंय. बास्केटबॉलच्या तासाला एक ब्रिटिश मुलगी "यू स्मेल ऑफ करी" म्हणाली आणि तिने रियाला ढकललं. रियाने उलट ढकललं. त्या मुलीला काय? काउन्सेलरकडे बसवून पाणी दिलं.

सुपरवायझर मला म्हणाली, "ती अपसेट होती. तुमची मुलगी अग्रेसिव्ह आहे." मी विचारलं, "मॅडम, ढकललं तर दोघींनी ना?" ती नुसती हसली. आपल्यातलीच बाई, चेन्नईची.

अपसेट आणि अग्रेसिव्ह. भांडी घासतानाही तेच दोन शब्द डोक्यात. मागच्या वर्षी हेच लोक म्हणत होते, रिया फार शांत आहे, बोलतच नाही.

नवऱ्याला म्हटलं, वर तक्रार करू. तो म्हणाला, "आणि मध्येच रियाला काढून टाकलं तर ॲडमिशन कोण देणार? खलास, सोड." त्याचंही बरोबर आहे. तेच जास्त लागलं.

जेवताना रिया म्हणाली, "ममा, नेक्स्ट टाइम आय वोन्ट डू एनीथिंग."

"हो बाळा, तेच बरं," मी म्हणाले.

काय बोलून गेले मी? पण दुसरं काय सांगायला हवं होतं, ते अजून सुचलेलं नाही.